पिशवीतलं लवंगेचं तेल

प्रज्ञा,

तुझ्या पुण्यानुमोदनाला माझा भाऊ रफिक जितका रडला, तितकं रडायचं त्याला वरवर पाहता काहीच कारण नव्हतं.

संत तुकाराम नगरात तुमच्या बिल्डिंगखाली मांडव होता. वंदना झाली, भन्तेजी बोलले, तुझी आई खुर्चीत ताठ बसून होती. मी बायकांमध्ये बसले होते. तेवढ्यात मागून हुंदका आला. वळून बघितलं तर रफिक, कंपनीचा निळा शर्ट घातलेला, शिफ्टवरून थेट आलेला, दोन्ही हातांत तोंड धरून रडत होता. दबक्या आवाजात नाही, चांगला खांदे हलवून. तुझ्या मामेबहिणीनं मला हळूच विचारलं, "हे कोण?"

"माझा भाऊ."

"अच्छा," ती म्हणाली. त्या एका 'अच्छा'मध्ये तिला काय वाटलं ते सगळं मला ऐकू आलं.

आणि खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटलं. घरी परतताना गाडीवर त्याच्या मागे बसून मी जुनं सगळं उकरत होते. तू दुकानात आलीस की हा आत का जायचा? तुझ्याशी धड एक वाक्य न बोलणारा माणूस तुझा फोटो बघून असा का कोसळतो? बायको असलेल्या माणसाला, दोन पोरींच्या बापाला, डॉक्टरणीचं एवढं काय? तू असतीस तर म्हणाली असतीस, "नसरीन, तुझा संशय पहिलं दार दिसलं की त्यातच घुसतो. पुढची दारं बघतही नाही." घुसला होता खरा. पण आपल्या ओळखीची सुरुवातही संशयानंच झाली होती, आणि तो माझा नव्हता, तुझा होता.

तुझं शिक्षण, तुझी नोकरी, तू किती जनावरं वाचवलीस, हे तुझ्या दवाखान्यातले लोक लिहितील. मी आपलं दुकानातलं लिहिते.

चिंचवडला आमचं शोभेच्या माशांचं दुकान. अब्बांनी कंपनीतली नोकरी सुटल्यावर टाकलेलं, नंतर मी चालवायला घेतलेलं. तू त्या दिवशी दुपारी आलीस तेव्हा रफिक नुकताच मुंबईच्या मालाच्या पिशव्या उतरवून गेला होता. तू काउंटरशी वाकून एका पिशवीकडे बघत राहिलीस. आत गोल्डफिश होते, बरेचसे कुशीवर कललेले.

"हे असेच येतात?" तू विचारलंस.

"प्रवासानं दमलेत. टाकीत सोडले की बरे होतात."

"दमलेला मासा तळाला बसतो. असा कुशीवर पडत नाही. पिशवी उघडा."

मी उघडली नाही. कोण कुठली बाई, भर दुकानात मला सांगणारी. तेव्हा तू तुझं ओळखपत्र काढून काउंटरवर ठेवलंस आणि म्हणालीस, "मी जनावरांची डॉक्टर आहे. माशांना औषध घातलंय असा मला संशय आहे. तुम्ही घातलंय असं म्हणत नाही. पण घातलंय."

दुकानात गिऱ्हाइकं होती. एक आजोबा नातीसाठी टाकी बघत होते, ते थांबले. मी पिशवी उघडली ती तुला खोटं पाडायला.

उघडल्याबरोबर वास आला. दाताच्या डॉक्टरच्या खोलीत येतो तो. तू दोन टब मागितलेस. एकात दुकानातलं स्वच्छ पाणी, पिशवीइतकंच गार, हवेची नळी सोडलेली. दुसऱ्यात पिशवीतलंच पाणी, त्यातही नळी. अर्धे मासे इकडे, अर्धे तिकडे. आणि तू त्या आजोबांना, मला नाही, समजावत बसलीस.

"आजारी असतील तर दोन्ही टबांत सारखेच पडून राहतील. हवा कमी पडली असेल तर दोन्हीकडे सारखेच सुधारतील. भूल असेल तर फक्त स्वच्छ पाण्यातले उठतील. माशाला भूल द्यायला सुई लागत नाही. औषध पाण्यात, पाणी कल्ल्यांत, कल्ल्यांतून रक्तात. आणि उतरतं तेही त्याच वाटेनं. कल्ल्यांवरून चांगलं पाणी गेलं की रक्तातलं औषध पाण्यात परत जातं."

चहा सांगितला होता, तो येईपर्यंत स्वच्छ टबातल्या एकानं शेपूट मारली. मग दुसरा कलंडत कलंडत सरळ झाला. चहा संपला तोवर तिथले सगळे पोहत होते. दुसऱ्या टबातले तसेच आडवे, कल्ले मधूनच उघडणारे. तू त्यांनाही उचलून स्वच्छ पाण्यात सोडलंस आणि म्हणालीस, "लवंगेचं तेल आहे. मासे शांत राहतात, उड्या मारत नाहीत, खवले निघत नाहीत. जरा जास्त झालं की कल्ले थांबतात आणि मरतात."

आजोबा टाकी न घेता गेले.

मी त्याच संध्याकाळी कदमकाकांना फोन लावला. कदमकाका म्हणजे मुंबईचे आमचे घाऊक व्यापारी, मूळचे कोकणातले. अब्बांचे दुकान टाकल्यापासूनचे दोस्त. ईदला त्यांच्या घरून तांदळाच्या फेण्या यायच्या. मी त्यांना म्हटलं, "काका, तुम्ही पिशवीत तेल टाकता?" ते म्हणाले, "काय तेल गो?" मी म्हटलं, "आता माहीत नसल्यासारखं करू नका." ते मग म्हणाले, "तुझो बापूस असा बोलाचो नाय." मी फोन ठेवला आणि त्यांचा माल बंद केला.

दुसऱ्या दिवशी तू परत आलीस. मी तुला मोठ्या तोऱ्यात सांगितलं की चोर पकडला. तू एकदम म्हणालीस, "कशावरून तेच?"

"पिशव्या त्यांच्याकडून येतात."

"पाण्यानं औषध सांगितलं. बाटली कुणाच्या हातात होती ते पाणी सांगत नाही. थांब जरा, घाई करू नकोस."

मी थांबले नाही. मला वाटलं तू उगाच डॉक्टरी काटेकोरपणा करतेस. तूही पुढे रेटलं नाहीस. तेव्हा मला ते खटकलं नाही, प्रज्ञा. आता खटकतं. दुकानात अनोळखी बाईला भर गर्दीत पिशवी उघडायला लावणारी तू, आणि इथं एवढं बोलून गप्प?

अब्बांना मी सगळं सांगितलं होतं. ते नुसतं "कदम असं करायचा नाही" म्हणाले, पण माझ्यापुढे त्यांनी कधी काकांना फोन केला नाही. पुढच्या वर्षी अब्बा गेले. कदमकाका आले नाहीत. चोराच्या मनात चांदणं, मी म्हटलं.

तू मात्र येत राहिलीस. दुकानामागच्या खोलीत आपण एक टेबल मांडलं. लोक कुणी अंगावर गाठ आलेला कोय मासा, कुणी जबडा फाटलेला ऑस्कर मासा घेऊन यायला लागले. ट्रायकेन या भुलीच्या औषधाची पांढरी पावडर तू कुलपात ठेवायचीस, आणि ती पाण्यात टाकायच्या आधी खाण्याचा सोडा टाकायला लावायचीस, कारण नुसती पावडर पाणी आंबट करते. "झोप लागायच्या आधी त्याला डोळ्यांत लिंबू पिळल्यासारखं होईल," म्हणायचीस. पाणी गरम असेल तर औषध झटकन चढतं आणि झटकन उतरतं, गार असेल तर दोन्हीला वेळ लागतो, हे मला इतकं पाठ झालं की स्वयंपाकघरातही पाण्यात बोट घालून बघायची सवय लागली. तुझं काम कापायचं, माझं काम कल्ले बघायचं. कल्ले मंद झाले की मी "हं" म्हणायचे आणि तू माशाच्या तोंडात स्वच्छ पाण्याची नळी धरायचीस.

एकदा मोशीहून एका शेतकरीणबाईनं घमेल्यात बेडूक आणला. गवत कापायच्या मशीननं त्याची मांडी उघडी पडली होती. पावसाळ्यात पिवळेजर्द होतात त्या मोठ्या जातीचा.

"आमच्या हिरीवरला हाय," ती म्हणाली. "मरंल का वो?"

तू त्याला औषधाच्या उथळ पाण्यात बसवलंस, डोकं वर. बेडूक पोटाच्या कातडीनंच औषध पितो, तू सांगितलंस. टाके घातलेस, मग स्वच्छ पाण्यानं धुऊन ओल्या फडक्यावर ठेवलंस. माशासारखा तो उठेल म्हणून मी बघत राहिले. उठला नाही. गळ्याची लवलव बंद. पाय ओढला, सैल. उताणा केला तर उताणाच राहिला. बाई दारात उकिडवी बसून होती.

"मेला," मी तुझ्या कानात म्हटलं.

"तुला कसं माहीत?"

"श्वास नाही."

"तो कातडीनं श्वास घेतोय. छातीखाली बघ, उजेड तिरका पडू दे."

बघितलं तर कातडीखाली बारीकसं काहीतरी उडत होतं, कधी दिसायचं, कधी नाही. तू म्हणालीस, "माशाचे कल्ले म्हणजे मोठं दार, औषध भराभर जातं. याला सगळं कातडीतून आणि लघवीतून काढायचंय, आणि कातडीतच थोडं मुरलेलं असतं ते परत आत येतं. फडकं ओलं ठेव आणि गप्प बस."

सगळी दुपार मी फडकं ओलं करत राहिले. शाळा सुटल्याचा गलका ऐकू येत होता तेव्हा त्यानं एक पाय पोटाशी ओढला. नंतर कधीतरी स्वतःच पालथा झाला. बाईनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "मला वाटलं तुमी उगा माझं मन राखताय."

त्या दुपारी आपलं भांडण झालं, आठवतंय? मी म्हटलं, टाके घालताना तो हलला नाही म्हणजे त्याला कळलं नाही. तू म्हणालीस, "हलला नाही, एवढंच आपल्याला माहीत आहे. काही औषधं अंग बांधतात, दुखणं बांधत नाहीत. हे औषध दुखणंही बांधतं असं मला वाटतं, पण मी त्याच्या आत जाऊन आले नाही." मी म्हटलं, मग तू कापतेस कशी? तू म्हणालीस, "घाबरत घाबरत." हे भांडण आपण नंतरही किती वेळा काढलं आणि कधी मिटवलं नाही.

त्याच ओल्या फडक्याशी बसून तू तुझ्या वडिलांची गोष्ट सांगितलीस. त्यांच्यावर कंपनीच्या गेटवर पितळी पार्ट चोरल्याचा आळ आला होता. चौकशी झाली, काही निघालं नाही, परत कामावर घेतलं. पण खरं कुणी केलं ते माहीत असलेला माणूस त्याच लाइनवर होता आणि तो कधी बोलला नाही. वडील रिटायर होईपर्यंत डबा उघडून दाखवत गेटबाहेर पडायचे, कुणी मागितला नाही तरी. तू म्हणालीस, "साहेबांनी निर्दोष म्हटलं, त्यानं काही झालं नाही. ज्यानं केलं त्यानं बोलायला हवं होतं."

मी ते ऐकून घेतलं. तू मला काहीतरी सांगत होतीस असं मला तेव्हा वाटलंच नाही.

तुझा ताप, दवाखाना, ते सगळं इतकं भराभर झालं की मी तुला शेवटचं बघितलं ते काचेतून. त्याबद्दल मला लिहिता येत नाही.

पुण्यानुमोदनानंतरच्या आठवड्यात एका ओळखीच्या बाईंनी गोल्डफिश आणला, डोळ्याजवळ बुरशी. तुझ्या पावडरीच्या कपाटाला मी हात लावला नाही, पण आपण बारीकसारीक साफसफाईला लवंगेचं तेल अगदी थेंबानं वापरायचो, तेवढं मला येतं. पहिल्यांदाच एकटीनं केलं. मासा कलंडला, कुशीवर गेला, शेपूट चिमटली तरी हलला नाही. बुरशी पुसता पुसता माझं कल्ल्यांवरचं लक्ष थोडं सुटलं. बघितलं तर कल्ले थांबत आले होते. घाईघाईनं स्वच्छ पाण्यात घातला, तोंडाशी नळी धरली. बऱ्याच वेळानं वाचला. लवंगेचं तेल उतरायला कुरकुर करतं, तू सांगायचीस तसंच.

हात पुसताना मला ते दिसलं. किती सरळ होतं. मासा आडवा पडेल एवढं तेल पाण्यात असेल तर तो त्या पाण्यात फार वेळ जगत नाही. चढतच जातं, कल्ले बंद पडतात. उतरवायचं तर कल्ल्यांबाहेर स्वच्छ पाणी हवं, आणि बंद पिशवीत बाहेरही तेच पाणी. कदमकाका माल संध्याकाळी बांधायचे. रात्रभर बस, सकाळी नाशिक फाट्याला पार्सल, रफिक शिफ्ट सुटल्यावर उचलायचा, दुपारी माझ्या काउंटरवर. मुंबईत तेल पडलं असतं तर तू त्या दिवशी मेलेले मासे बघितले असतेस. तेल अगदी थोड्या वेळापूर्वी पडलं होतं. नाशिक फाट्याहून निघून चिंचवडला पोचेपर्यंत कुठेतरी.

आणि हे मला आत्ता कळलं असेल, पण तुला तर त्याच दुपारी कळलं असणार. मी खुर्चीत बसले. तुझा फार राग आला.

रफिक घरी आला तेव्हा मी त्याला जेवू दिलं नाही. "लवंगेचं तेल कोण टाकायचं?" एवढंच विचारलं.

त्यानं हेल्मेट खाली ठेवलं. "आपा, मी."

मोशीला त्याच्या मित्राचं गॅरेज आहे, तिथं तो मोठ्या पिशव्या फोडून छोट्या करायचा, थोडा माल चाकणच्या एका दुकानालाही द्यायचा. पिशव्या फोडताना मासे उड्या मारायचे, फरशीवर पडायचे, मरायचे. मेलेले मासे बघून मी त्याला काय काय बोलायचे ते मला आठवतं. कुणीतरी त्याला तेल सांगितलं.

"डॉक्टर मॅडम दुसऱ्याच दिवशी माझा माग काढत गॅरेजवर आल्या," तो म्हणाला. "म्हणाल्या, हात दाखव. हाताला वास होता. मला वाटलं आता ओरडतील. ओरडल्या नाहीत. माल पाठवणाऱ्यांना मासे आदल्या दिवशी उपाशी ठेवायला सांग, पिशव्यांवर काळं कापड टाक, अंधारात शांत राहतात, सावलीत फोड, असं सगळं शिकवलं. मी पाया पडलो, आपाला सांगू नका म्हणून. त्या म्हणाल्या, मी नाही सांगणार. तू सांगायचंस."

"मग?"

"मग कधीही भेटल्या की एकच शब्द. सांगितलंस? मी म्हणायचो, सांगतो. म्हणून त्या दुकानात आल्या की मी आत जायचो, आपा. अब्बा गेले त्यानंतर तर तोंडच उघडेना. दवाखान्यात बघायला गेलो तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. पण माझ्याकडे बघितलं ना, तेव्हा तेच विचारलं."

मी त्याला ताट वाढलं. तो जेवला नाही.

तुझ्याशी भांडायचंय मला, प्रज्ञा. तू रफिकला माणूस म्हणून संधी दिलीस, मान्य. माझ्या तोंडाची धार तुला माहीत होती, तीही मान्य. भावाबहिणीचं नातं तू राखलंस, त्याचे उपकार मी विसरणार नाही. पण तिकडे मुंबईत एक म्हातारा माणूस होता, त्यानं काय करायचं? तुझ्या वडिलांच्या डब्याबद्दल बोलताना तुझा आवाज बदलायचा, मग कदमकाका तुला कसे दिसले नाहीत? की दिसत होते आणि तू रोज वाट बघत होतीस, उद्या हा बोलेल, उद्या बोलेल म्हणून? मला संशय आहे की तसंच होतं. पण संशयच आहे. तुला विचारता येत नाही.

दुसऱ्या दिवशी रफिकनं स्वतः फोन लावला, माझ्यासमोर, स्पीकरवर. सगळं सांगितलं. न अडखळता सांगितलं असं नाही. पलीकडून टीव्हीचा आवाज येत होता. मग कुणीतरी तो बंद केला.

"नसरीन आसा थंय?" काकांनी विचारलं.

"आहे काका."

"तुझो बापूस गेलो तेव्हा मी आलेलो. कबरस्तानच्या भायर रस्त्यार उभो होतो. आत येऊ काय नको, समजेना. मग तुम्ही सगळे गेल्यार परत गेलो."

रफिक म्हणाला, "काका, आता या. मी घ्यायला येतो."

रविवारी तो त्यांना मुंबईहून घेऊन आला. काका खूप वाळलेत. आधी कबरस्तानात गेले, रफिकच्या दंडाला धरून. मी बाहेर थांबले. मग दुकानात आले, खुर्चीत बसले, टाक्या बघत राहिले. मी पाणी दिलं, माफी मागितली. त्यांनी हातानंच राहू दे म्हटलं.

थोड्या वेळानं म्हणाले, "ती डॉक्टरीण कशी होती?"

रफिक माझ्याकडे बघायला लागला. तुझ्याबद्दल राग ओकायचा असता तर ती वेळ होती, आणि ऐकायचा सगळ्यात जास्त हक्क असलेला माणूस समोर बसला होता.

मी म्हटलं, "चांगली होती, काका. माझी मैत्रीण होती. फक्त तिनं एकदा तरी बोलायला हवं होतं."

काकांनी पेला खाली ठेवला.

"मी तरी खंय बोललंय गो," ते म्हणाले. "फोन माझ्याकडे पण होतो."